तुझी घागर कुठे भरायची

आत्या,

आखाजी परवा झाली. घागर नवीच होती, पाणी सकाळचं होतं, वाळा टाकला होता, आणि वर ठेवायचं खरबूज मी स्वतः वास घेऊन आणलं. हे आधी सांगतो, कारण तू असतीस तर आधी हेच विचारलं असतंस. बाकीचं मागाहून.

चैत्रात तू गेलीस. भेटायला आलेल्यांपैकी बरेच जण दारातच म्हणाले, "शेवटी आश्रमातच गेल्या बिचाऱ्या." मी प्रत्येकाला दुरुस्त करत राहिलो. आश्रम नाही, निवास आहे. आणि बिचारी नव्हती, भांडखोर होती. हिने मला आतून खूण केली की आता पुरे, पण चुकीची गोष्ट कानावर आली की मला ती तशीच सोडता येत नाही. "सव्वा म्हटलं तं थो सव्वाच मोजते," असं तू माझ्याबद्दल लोकांना सांगायचीस. कौतुकाने की वैतागाने, ते मला कधी कळलं नाही. आता विचारायला उशीर झाला.

बांधकाम खात्यात कारकुनी करता करता माझ्या खिशात मोजायची टेप कायमची राहिली. ती घेऊन मी उंद्रीला तुझ्या घरी आलो होतो तो दिवस मला फार आठवतो. आतोबांना जाऊन वर्ष झालं होतं, तुझा सुधीर पुण्याला, आणि तू त्या दोन खोल्या आणि ओसरीत एकटी. मी दारात उकिडवा बसलो होतो.

"काय मोजून राह्यला बे?"

"उंबरा. सात इंच आहे. तुझा पाय चार इंचांच्या वर उचलत नाही."

"मंग काय कापतं, उंबरा का पाय?"

उंबरा कापायला तू नाही म्हणालीस. मग मी दोन्ही बाजूंना उताराची फळी करून घेतली. न्हाणीघरात भिंतीला धरायला स्टीलचा दांडा बसवला, आणि मागच्या मोरीच्या जागी कमोड. पुढच्या महिन्यात येऊन बघतो तर दांड्यावर तुझी फडकी वाळत होती, आणि कमोडच्या झाकणावर कुरडयांचा डबा.

"चांगलं उंच हाये," तू म्हणालीस. "मुंग्या येत नाहीत."

आणि पडलीस कुठे, तर अंगणात. बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या, शेजारची बकरी आली, तू तिच्यामागे धावलीस. शेजारीण दूध द्यायला आली तोवर उन्हात पडून होतीस. दवाखान्यात मी आलो तेव्हा कमरेला पट्टा होता आणि चेहरा विजयी. "तुह्या मोजल्या जागी मी पडली नाही, एवढं ध्यानात ठेव."

मी हसलो, पण घरी येताना गाडी बाजूला घेऊन जरा वेळ थांबावं लागलं. ते तुला सांगितलं नव्हतं.

मग सुधीर तुला पुण्याला घेऊन गेला. मुलगा वाईट नाही, सून वाईट नाही, हे तू स्वतः म्हणायचीस. पण दोघंही सकाळी बाहेर पडायचे, आणि तू नवव्या मजल्यावरून खाली गाड्या बघत बसायचीस. "तेथं सगळं हाये," तू फोनवर म्हणालीस. "फकस्त दारासमोरून कोनी जात नाही." पाऊस संपायच्या आत तू परत उंद्रीला आलीस. तेव्हा मी चिखलीबाहेरच्या निवासाचा विषय काढला, आणि आपलं खरं भांडण सुरू झालं.

माझे मुद्दे सरळ होते. दोघींना एक खोली. पलंगाशी बोलवायची घंटा. ओसरीभर भिंतीला धरून चालायला लाकडी कठडा. उंबरा कुठेच नाही. एक नर्स दिवसभर. उंद्रीच्या घराच्या भाड्यात आणि आतोबांच्या पेन्शनमध्ये बसत होतं. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "आन लोकाईनं इचारलं तं काय सांगू? पोरानं टाकलं म्हनू?"

मी म्हणालो, दिवस बदललेत. माझ्या लहानपणी वृद्धाश्रम हा शब्द घरात आवाज खाली करून बोलायचे. आता चांगले शिकलेसवरलेले, मुलं जवळ असलेलेही आपण होऊन जातात. तू म्हणालीस, आधी असं नव्हतं, म्हातारं माणूस घरात मरायचं. मी म्हणालो, हो, बाबा आपल्या मधल्या खोलीत गेले. पण त्यांना उठवायला, पुसायला, भरवायला जे हात होते ते माझ्या आईचे होते, आणि आईला कोणी विचारलं नव्हतं. तुलाही तुझ्या सासूच्या वेळी कोणी विचारलं नव्हतं.

सासू अंथरुणाला खिळली होती ती सारी वर्षं तू आखाजीलासुद्धा माहेरी आली नव्हतीस. बाबा दर वर्षी न्यायला यायचे आणि एकटे परत जायचे.

"सुनेला तसं करायला लावशील?" मी विचारलं.

"नाही," तू म्हणालीस. मग बराच वेळ पदराच्या काठाशी खेळत बसलीस. "पन त्याईची घागर कुठं भरू?"

मी सगळ्याचा विचार केला होता. औषधं, रक्तदाब, भाडं, उंद्रीच्या घराचा भाडेकरू, सगळं. आतोबांच्या घागरीचा केला नव्हता. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने नवी मातीची घागर भरायची, पुरणाचा स्वयंपाक करायचा, आणि बाहेरचा एक पाहुणा जेवायला बोलवायचा. तो जेवला की गेलेला जेवला. घरची माणसं मग बसतात. हे तूच मला शिकवलंस. सण म्हणून मला ते माहीत होतं. तुझ्या लेखी ते राहण्याच्या जागेचं पहिलं मोजमाप आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

"माझ्याकडे भरू," मी म्हणालो.

"तुह्याकडं माह्या दादाची असते."

"शेजारी ठेवू."

"म्हंजे त्याईले भाड्यानं ठेवतं का?"

तरीही तू निवासात आलीस. पहिल्या आठवड्यात पलंगाजवळची घंटा वाजवून नर्सला विचारलंस, च्या झाला का. त्यांनी समजावलं की घंटा अडचणीला असते. तू म्हणालीस, मंग हे काय हाये?

खोलीतल्या हमीदाआपांशी तुझं जमणार नाही असं मला वाटलं होतं. डोणगावच्या बांगडीवाल्यांच्या घरातल्या, तुझ्याइतक्याच ठाम. तुला पंख्याने कंबर धरायची, त्यांना पंख्याशिवाय झोप नाही. मी आलो की आपा मलाच मधे घ्यायच्या. "आओ साहेब. तुमच मोजके बताओ, पंखा कितने पे रखना. तुम्हारी आत्या तो बर्फ में बैठी क्या, ऐसा कंबल ओढती." आणि तू पलीकडून, "त्याले काय इचारता, थो पंख्याले बी टेप लावन." तिसऱ्या महिन्यात तुझा पलंग भिंतीकडे सरकला आणि त्यांचा पंख्याखाली. कोणी सरकवला ते दोघींनीही सांगितलं नाही.

आणि गुरुजी. सोनाळ्याकडचे निवृत्त शिक्षक. आठवण विरत चाललेली, पण कपडे कडक इस्त्रीचे. दुपारी कठडा धरून ओसरीभर चालायचे आणि प्रत्येक दारात थांबून विचारायचे, "जेवलात का, बाई?" शाळेत पोरांना विचारायची सवय, ती तेवढी शिल्लक होती. तू दर वेळी सगळं ताट सांगायचीस. "जेवली, गुरुजी. वरन-भात होता, वांग्याची भाजी होती, लिंबाचं लोनचं." ते समाधानाने पुढे जायचे आणि परतीच्या फेरीत पुन्हा विचारायचे. एकदा मी बसलो असताना ते तिसऱ्यांदा आले. मी म्हणालो, "गुरुजी, आत्ताच विचारलंत तुम्ही." त्यांचा चेहरा उतरला. तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी खुर्चीत सावरून बसलो.

ते गेल्यावर म्हणालीस, "थे जेवनाचं इचारून राह्यले, हिशेब नाही मांगून राह्यले. तुहं ऑफिसातलं बोलनं ऑफिसात ठेवत जाय."

मग मागच्या वर्षीची आखाजी आली. आतोबांची घागर इथेच, तुझ्या दाराशी भरायची असं तू ठरवलंस. "माहं दार आता हे हाये. थे येतीन तं येथंच येतीन." निवासाच्या व्यवस्थापक मॅडमनी दोन गोष्टी सांगितल्या. घागर ओसरीत ठेवा, हरकत नाही. विस्तव मात्र नाही. पितरांचा घास निखाऱ्यावर टाकायचा असतो, तो तुला गच्चीवर कावळ्याला ठेवायला त्यांनी परवानगी दिली. तू कुरकुरलीस, पण मानलंस. पोळ्या हिने घरून करून दिल्या.

राहिला पाहुणा. उंद्रीचे एक आप्पा, आता चिखलीत लेकाकडे असतात, ते तुझ्याकडे तुझ्या सासऱ्यांच्या घागरीला वर्षानुवर्षं जेवून गेलेले. मी आदल्या दिवशी त्यांना सांगायला गेलो. आनंदाने हो म्हणाले. मग विचारलं, "उंद्रीले का?" मी जागा सांगितली. ते चष्मा पुसत बसले.

"घरी असतं तं आलो असतो, बाप्पा. तेथं कसं जेवाले येऊ? लोक काय म्हनतीन?"

चिखलीतल्या आणखी दोघांना विचारलं. एकाकडे स्वतःच्या घरी घागर होती, दुसऱ्याला जागा ऐकल्यावर पित्त झालं. आखाजीच्या दिवशी मी डबे घेऊन आलो आणि तुला जसं घडलं तसं सांगितलं. मला दुसरं काही जमत नाही. घागरीवरचं खरबूज थोडं कलतं होतं ते तू सरळ केलंस.

"मी बसतो पानावर," मी म्हणालो.

"तू घरचा हायेस."

तुझ्या खोलीत पाट मांडला होता. ताट वाढून झाकून ठेवलं होतं. बाहेर वैशाखाचं ऊन. जेवणघरातून बाकीचे जेवून आपापल्या खोल्यांत परतले. आपा अजून जेवल्या नव्हत्या. मी त्यांना जेवून घ्या म्हणालो. "पाहुणा जेवल्याबिगर बाई नहीं जेवेगी," त्या म्हणाल्या, "आणि बाईच्या बिगर मी नाही. जाओ, तुम मोजो कुछ."

मी खरंच काय मोजणार होतो? तू दाराकडे तोंड करून पलंगावर बसली होतीस, हात मांडीवर, कपाळाला घाम. इतक्या भांडणांत तुला मी हरलेलं कधी पाहिलं नव्हतं. निवासाबद्दलचे माझे सगळे मुद्दे बरोबर होते आणि त्या क्षणी त्यातला एकही उपयोगाचा नव्हता. उठून सामान बांधू, चल उंद्रीला, असं म्हणायला मी तोंड उघडणार होतो. भाडेकरूला काय सांगायचं तेही मनात जुळवून झालं होतं.

तेवढ्यात कठडा धरत गुरुजी आले. दाराशी थांबले. नेहमीचा प्रश्न विचारला नाही, त्यांचं लक्ष घागरीकडे गेलं. त्यांनी वरचं खरबूज उचललं, आपांच्या हातात दिलं, शेजारचा तांब्या घागरीत बुडवला आणि उभ्यानेच घटाघटा पाणी प्यायले.

मी उठलो. "गुरुजी, अहो, ते—"

तू माझं मनगट धरलंस. एवढी ताकद तुझ्या हातात होती हे मला माहीत नव्हतं.

"पेले का, गुरुजी?"

"प्यायलो. फार थंड आहे. वाळा टाकलाय का?"

"टाकला हाये. गोड लागलं?"

"लागलं."

"मंग बसा आता. पान वाढलं हाये."

ते बसले, जसं काही त्यांना आठवड्यापूर्वी सांगून ठेवलं होतं. रस, पुरणपोळी, कुरडई, भजी, चिंचेचं सार, सगळं सावकाश, नीट जेवले. रस दोनदा घेतला. तू पदराने वारा घालत होतीस. आपा खरबूज मांडीवर घेऊन बसून राहिल्या, कारण ते परत कधी ठेवायचं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. हात धुतल्यावर गुरुजींना आपलं काम आठवलं. "जेवलात का, बाई?"

"आता जेवते, गुरुजी," तू म्हणालीस. ताट न सांगता दिलेलं तुझं ते एकच उत्तर.

दुपारी मी तुला छेडलं. "आता तरी मान्य कर. घर झालं हे."

"नाही. हे निवास हाये."

"मग घागर कशी भरलीस?"

"दार माहं हाये. दारातून पाहुना आला का नाही? थो तं तुह्या डोयानं पाह्यला तू."

"मग घर कधी म्हणशील?"

"पाहू."

ते 'पाहू' तिथेच राहिलं, आत्या. पुढे वर्षभर मी दर रविवारी आलो, आपण पंख्यावर बोललो, सुधीरच्या मुलीच्या मार्कांवर बोललो, यावर नाही. मीही ओढून काढलं नाही. मला वाटलं, वेळ आहे.

तू गेलीस त्या सकाळी घंटा आपांनी वाजवली. मी पोचलो तेव्हा त्यांनी पंखा बंद करून ठेवला होता. खोलीत नुसता उकाडा, आणि त्या घामाने भिजून तुझ्या पायाशी बसलेल्या. "ठंडी लगती उसको," एवढंच म्हणाल्या.

दिवस झाल्यावर सुधीरने विचारलं, "दादा, आईची पहिली घागर कुठे भरायची? पुण्याला की तुझ्याकडे?" आणि बघ, इतके दिवस त्या जागेची बाजू घेऊन तुझ्याशी भांडणारा मी पटकन म्हणालो, "माझ्याकडे." फोन ठेवला आणि बसवेना. बाबांच्या घागरीशेजारी तू भाड्याने राहिली असतीस का? संध्याकाळी आपांचा फोन आला. "साहेब, बाई की घागर मैं ने ली है. कुंभार आया था दारात. अच्छी बजती है, मैं ने ठोक के देखी. कब आते?" कुठे भरायची हे त्यांनी विचारलंच नाही.

मी सुधीरला उलट फोन केला.

यंदा ओसरीत तुझी एकटीची घागर नव्हती. मागच्या वर्षीचं बघून इतरांनीही घागरी भरायचा हट्ट धरला होता. भिंतीच्या कडेने घागरी होत्या, प्रत्येकीवर खरबूज किंवा आंबे, आणि मॅडमनी जाता-येता पाय लागू नये म्हणून कठड्यापासून दोन हात सोडून त्या ठेवायला लावल्या होत्या. अंतर बरोबर होतं, मी पाहिलं. तुझ्या पलंगावर पुढच्या आठवड्यात मेहकरच्या एक बाई येणार आहेत. मॅडमनी त्यांना आखाजीनंतर या म्हणून सांगितलं होतं. म्हणजे परवापर्यंत ते दार तुझंच होतं. सुधीरने स्वतः पाणी भरलं. तो या खोलीत पहिल्यांदाच इतका वेळ बसला. भिंतीकडे सरकलेला तुझा पलंग बघून त्याने विचारलं, "इथे का सरकवलाय?" आपा म्हणाल्या, "पूछो मत, बेटा."

पाहुण्याला सांगायला मी गुरुजींच्या खोलीत गेलो. वर्षभरात ते फार उतरलेत. फेऱ्या बंद झाल्या आहेत, बराच वेळ ते खिडकीकडे बघत बसतात. मी रीतसर हात जोडले. म्हणालो, "गुरुजी, आज आत्याकडे जेवायला यायचं."

"कोणाकडे?"

"ओसरीच्या टोकाला. पुरणपोळी आहे."

"चला," ते म्हणाले, आणि इस्त्रीचा सदरा मागितला.

कठडा धरून ते आले. दारातून आले. पाटावर बसणं आता होत नाही, म्हणून खुर्ची आणि पुढे स्टूल मांडलं. आधी घागरीतलं पाणी दिलं. जेवायला लागले. सावकाश, तसेच, नीट. सुधीर वारा घालत होता. अर्धी पोळी झाली आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी तुझ्या पलंगाकडे पाहिलं, मग दाराकडे, मग माझ्याकडे. कपाळावर आठी आली, जशी वर्गात एक मूल कमी दिसल्यावर येत असेल.

"बाई दिसत नाहीत," ते म्हणाले. "त्या जेवल्या का?"

सुधीरने माझ्याकडे पाहिलं. आपांनीही. मी चुकीचं काही बोलत नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. मी गुरुजींच्या ताटाकडे पाहिलं. पोळीला तूप होतं, रसाची वाटी रिकामी झाली होती.

"जेवून राह्यल्या, गुरुजी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि वाटी पुढे केली. मी रस वाढला.